केळव्याच्या समुद्राकाठी सुट्टीचं घर बांधताय, तर स्विमिंग पूल कुठे आणि कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहता. पालघर जिल्ह्यात केळव्याला समुद्राजवळ १४ गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी घेतली आहे आणि तिथे सुट्टीत राहायला चार बेडरूमचं घर बांधायचं आहे. हॉलची पश्चिमेची काचेची दारं सरकवली की समोर लगेच पूल, आणि पूलची पलीकडची कड समुद्राला टेकल्यासारखी दिसावी, असं मुलाने जमवलेल्या फोटोंत आहे. काम गिरणाऱ्याला तुमचं फार्महाऊस बांधलेल्या नाशिकच्याच कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं आहे. हॉल आणि पूल एकाच फाउंडेशनवर एकसंध घेतले तर चालेल का, खर्च वाचेल का, आणि आणखी काय बघावं, हे तुम्ही विचारलंय.

एकसंध घेऊ नका. घर आणि पूल डोळ्याला एक दिसू देत, पण जमिनीखाली दोघांचा काही संबंध नसावा. आणि पूल पश्चिमेला नको, घराच्या मागे पूर्वेला घ्या. दोन्ही गोष्टी तुमच्या फोटोंच्या उलट आहेत, म्हणून कारणं सविस्तर देतो.

आधी एक हिशोब मांडा. या घरात तुम्ही वर्षाचे किती दिवस असाल? दिवाळी, नाताळ, मे महिना आणि अधलेमधले शनिवार-रविवार. बाकी सगळा काळ घर बंद आणि पूल राखणदाराच्या हवाली. त्यातले जून ते सप्टेंबर हे चार महिने तर तिथला पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो, म्हणजे साडेतीन पट. त्या दिवसांत त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगडवरून मनोरला उतरायचं म्हणजे धुकं आणि घाटातला पाऊस. पंप बंद पडला असा फोन आला म्हणून कुणी तासाभरात पोहोचत नाही. त्यामुळे मी असं घर काढायला बसतो तेव्हा मालक तिथे नसताना काय काय होईल, याचा विचार आधी करतो. मालक असतानाची मजा त्यात बसवता येते. उलट्या क्रमाने गेलं की बसत नाही.

कागदपत्रांचं लवकर उरकतो, पण ते टाळू नका. जमिनीवर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर जिथे लोकवस्ती दाट आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त, तिथे उच्चतम भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि बाकी ग्रामीण भागात २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. तुमच्या गटाला कोणता नियम लागतो ते लागू असलेल्या किनारा व्यवस्थापन आराखड्यावर, अधिकृत मोजणी करून घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. भरतीचं पाणी शिरतं अशी खाडी जवळ असेल तर तिच्या काठालाही अंतराचे नियम आहेत. पूल म्हणजे नुसता खड्डा, तो पट्ट्यात घेतला तर चालतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. काँक्रीटची टाकी हे बांधकामच आहे. वाळूच्या टेकड्या सपाट करायला तर पूर्ण मनाई आहे. सातबारा, अकृषिक परवानगी आणि जुने फेरफार वकिलाकडून तपासून घ्या. पालघर जिल्ह्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि अशी जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाखाली परवानगी लागते. मागच्या एखाद्या व्यवहारात ती राहून गेली असेल तर घर बांधून झाल्यावर ते कळण्यात काही अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा, जमिनीतलं पाणी.

गिरणाऱ्याला तुमचा पूल मुरमात आणि खाली काळ्या दगडात बसलाय. तिथे खोदायला त्रास झाला असेल, पण एकदा बसला की तो हलत नाही. केळव्याला खाली वाळू आणि गाळाची माती आहे. भूजल उन्हाळ्यात खाली असतं आणि पावसाळ्यात पार वर येतं. उधाणाच्या दिवसांत समुद्राच्या भरतीचाही त्याला रेटा असतो. अशा जमिनीत रिकामी टाकी तरंगते. आकड्यांत बघा. समजा पूल आतून ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १.३५ मीटर खोल आहे. भिंती आणि तळ २५ सेंटिमीटर जाडीचे. बाहेरून ही टाकी ८.५ बाय ४.५ बाय १.६ मीटरची होते. काँक्रीट लागतं साधारण १८ घनमीटर, म्हणजे वजन झालं ४५ टन. ऑगस्टमध्ये भूजल जमिनीच्या पातळीला आलं तर ही टाकी ६१ घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणून पाणी तिला ६१ टनांच्या जोराने वर ढकलतं. वजन ४५ आणि वर ढकलणारा जोर ६१. पूल रिकामा असेल तर तो उचलला जाणार.

आता हाच पूल हॉलच्या फूटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या पायाला, बांधलेला आहे असं समजा. पूल वर जायला बघतोय, घराचे कॉलम त्याला धरून ठेवतायत, आणि घर स्वतः वाळूत थोडं खचतंय. दोघांच्या मधल्या सांध्यावर तडा जाणारच. तो नेमका पाण्याच्या पातळीखाली असतो, त्यातून गळती सुरू होते, गळतीने हॉलच्या फूटिंगखालची वाळू धुपते. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या-मोठ्या भूकंपांची मालिका झाली. केळवं तिथून फार लांब नाही. धक्का बसला की घर एका तऱ्हेने हलतं आणि पाण्याने भरलेली टाकी दुसऱ्या तऱ्हेने. दोघांना सुटं ठेवणं हेच शहाणपणाचं.

पूल तरंगू नये यासाठी माझा भर तळाच्या स्लॅबवर असतो. हा स्लॅब भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी दोन-अडीच फूट वाढवला की त्या कडेवर बसलेली मातीच टाकीला खाली दाबून धरते. वरच्या उदाहरणात एवढ्याने रिकामा पूलही सुरक्षित होतो. याच्या जोडीला तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवतात. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की तो उघडून ते पाणी आत घेतो. व्हॉल्व्ह जरूर बसवा, पण सगळा भरवसा त्याच्यावर नको. बारीक वाळूने तो बुजतो आणि बुजलाय हे वरून दिसत नाही. तिसरं, पावसाळ्यात पूल कधीही रिकामा करायचा नाही. आत १.२ मीटर पाणी असेल तर तेच ३८ टन वजन देतं. साफसफाईसाठी मोठ्या हौसेने जुलैत पाणी काढायला सांगणारे मालक असतात. राखणदाराला पंपाशेजारच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहूनच द्या.

म्हणून तुमचं पहिलं काम नकाशा नाही. येत्या पावसाळ्यात पूलच्या नियोजित जागी दोन मीटर खोल भोक घेऊन त्यात छिद्रं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप उभा करा, बाहेरून खडी भरा, वर झाकण. राखणदाराने आठवड्यातून एकदा, शिवाय दर पौर्णिमा-अमावस्येला, पट्टीला खडू चोळून ती आत सोडायची आणि खडू कुठवर भिजला ते वहीत लिहायचं. भरती आणि ओहोटी, दोन्ही वेळांना. पाइपचं पाणी थोडं बाटलीत भरून खारटपणा तपासून घ्या. हिवाळ्यात प्लॉट बघून केलेलं डिझाइन अशा जमिनीत अंदाजाचंच राहतं. ही वही हातात असेल तर तुमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर तळाची जाडी आणि कड दोन्ही नेमकी काढू शकेल. खोदाई मात्र पाणी सगळ्यांत खाली असतं तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात, आणि घराच्या फूटिंगच्या आधी. खोल काम आधी, उथळ नंतर; नाहीतर पूल खणताना झालेल्या फूटिंगखालची वाळू सुटते.

पश्चिम का नको, तेही सांगतो. कड नसलेला पूल फोटोत छान दिसतो, कारण ती घरं बहुतेक डोंगरउतारावर असतात आणि पूलच्या कडेपलीकडे जमीन एकदम खाली जाते. केळव्याला जमीन सपाट. समुद्र आणि तुमच्यामध्ये वाळूचा उंचवटा आणि सुरूचं बन. हॉलमध्ये बसून त्या कडेवरून तुम्हाला सुरूचे बुंधे दिसतील, समुद्र दिसणार नाही. समुद्र दिसावा म्हणून सुरू तोडायचा विचार कुणी डोक्यात घातला तर तो तिथेच थांबवा. ते बन वारा अडवतं, वाळू धरून ठेवतं, आणि मागच्या वाड्या त्याच्याच आधाराने उभ्या आहेत.

त्यात वाऱ्याचं गणित वेगळं. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पावसाळ्यात नैऋत्य-पश्चिमेचाच जोर. पश्चिमेचा पूल म्हणजे सुरूच्या काड्या, वाळू आणि खाऱ्या तुषारांना पहिलं तोंड. अशा कड नसलेल्या, म्हणजे इन्फिनिटी, पूलच्या कडेवरून पाणी पातळ थरात सांडत राहतं, त्यावर वारा लागला की बाष्पीभवन वाढतं. पंप सतत चालवावा लागतो आणि सांडलेलं पाणी धरायला वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते. म्हणजे आणखी एक खड्डा, आणखी एक तरंगणारी टाकी. बंद घरासाठी हा व्याप कशाला?

पूर्वेला पूल घेतला तर घर स्वतःच वाऱ्याला आडवं उभं राहतं. सकाळी कोवळं ऊन पाण्यावर पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या प्रहरापासून घराची सावली पूलवर येते. त्या दिवसांत दुपारी तीनला उघड्या उन्हात कुणी पोहत नाही. सावलीतला पूल मुलं संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत. पलीकडे तुमची नारळ-सुपारीची वाडी आहेच, तिच्याकडे बघत पाण्यात बसणं हे काही कमी सुख नाही. समुद्र बघायला वरच्या मजल्यावर पश्चिमेला रुंद, छप्पर असलेली गच्ची घ्या. किनारा नियमन क्षेत्रात साधारण तळमजला अधिक एक मजला आणि ९ मीटर उंची एवढीच मुभा धरून चालायचं असतं. तेवढ्यात सुरूच्या शेंड्यांमधून पाणी दिसण्याची शक्यता बरीच आहे. बांबूची शिडी लावून त्या उंचीवरून एकदा बघून घ्या.

हॉल आणि पूल जोडायचे कसे? आपल्याकडे त्यासाठी पडवी आहे. हॉलच्या पूर्वेला आठ-नऊ फूट रुंद पडवी, तिच्यापुढे दगडी फरशीचा पट्टा, मग पूल. दारं सरकवली की हॉल, पडवी आणि पाणी एका रेषेत दिसतं. तुमच्या मुलाला हवं ते हेच आहे. पण झडीचा पाऊस पडवीत संपतो, काचेवर येत नाही. कोकणात पावसाळ्यात पडवीला नारळाची झापं बांधत आले आहेत. तुम्ही जाड ताडपत्रीचे गुंडाळता येणारे पडदे लावा, पण हूक आणि कडा बांधकामातच सोडा. फोटोंमध्ये आतली फरशी आणि बाहेरची फरशी सलग एका पातळीत आहे. तसं करू नका. बाहेरची फरशी किमान चार इंच खाली घ्या, दाराला उंबरा ठेवा, दारापुढे जाळीचं गटार टाका आणि पडवीचा उतार घरापासून दूर काढा. पूलच्या पाण्याची पातळी त्याहून खाली. पडवीचा स्लॅब किंवा फरशी पूलच्या भिंतीवर टेकवू नका. मध्ये दोन-अडीच सेंटिमीटरचा सांधा सोडून तो पॉलिसल्फाइड सीलंटने भरा. वरून हा सांधा फरशीच्या रेघेत लपतो.

पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांधा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरांवरचे पत्रे उडाले. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. वारा पडवीखाली शिरून छप्पर वर उचलतो. ते मुख्य छपराला सलग जोडलेलं असेल तर दोन्ही घेऊन जातो. वेगळं असेल तर नुकसान पडवीपुरतं राहतं. मुख्य छपराच्या कैच्या भिंतीवर नुसत्या ठेवायच्या नाहीत, भिंतीवरच्या आरसीसी बँडमध्ये, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यात, बोल्टने धरायच्या, आणि कौलं कडेच्या तीन-चार ओळींत तारेने बांधायची. वाऱ्याच्या भारतीय मानकात नाशिकला मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईला ४४. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एवढ्या फरकानेही भार सव्वापटीहून जास्त होतो. नाशिकचं ड्रॉइंग तसंच उचलून तिथे वापरता येत नाही ते यासाठी.

कॉन्ट्रॅक्टर नाशिकचा असण्याला माझा विरोध नाही. ओळखीचा, विश्वासाचा माणूस असणं मोठी गोष्ट आहे. पण त्याच्या माणसांच्या हाताला जी सवय आहे ती कोरड्या हवेची आहे. समुद्राकाठी हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोहोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. दहा-बारा वर्षांच्या घरांच्या स्लॅबखाली पोपडे सुटलेले दिसतात ते याच कारणाने. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनाऱ्याच्या हवेतल्या कामाला किमान एम ३० ग्रेडचं काँक्रीट (आकडा मोठा तितकं ते मजबूत) आणि ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगितलंय, आणि खारे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. दोन्हीकडे पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको. तुमच्या बाबतीत मी सरळ एम ३५ आणि ५० धरेन. सिमेंट स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं, घ्या. ते मिठाला चांगलं अडवतं. सल्फेट-रोधक सिमेंट समुद्राकाठी चांगलं असा एक समज आहे, पण सळईला मिठापासून वाचवण्यात ते उलट कमी पडतं.

कव्हरचं कागदावर कितीही लिहिलं तरी ते साइटवर ठरतं. आपल्याकडचा फिटर, म्हणजे सळ्या बांधणारा कामगार, जाळी बांधून झाली की हाताशी असलेला खडीचा तुकडा सळईखाली सरकवतो आणि पुढे जातो. तो तुकडा कुठे वीस मिलिमीटर, कुठे तीस. वर माणसं चालली की निसटतो आणि सळई थेट शटरिंगवर बसते. तुम्ही काँक्रीट ओतायच्या सकाळी स्वतः जा, हातात पट्टी घ्या आणि दर चार-पाच फुटांवर शटरिंगपासून सळईपर्यंत मोजा. ५० मिलिमीटरचे काँक्रीटचे कव्हर ब्लॉक नाशिकहूनच गाडीत टाकून न्या. बांधायची तारही आतल्या बाजूला वळवायला सांगा, तिचं टोक पृष्ठभागाला आलं की गंजाची सुरुवात तिथून होते. हे सगळं बघायला तुम्हाला इंजिनिअर असायची गरज नाही.

वाळू आणि पाणी हा तितकाच नाजूक विषय. किनाऱ्यावरची वाळू बांधकामात एक घमेलंभरही नको. ती उचलणं बेकायदा आहे आणि तिच्यात मीठ आहे. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, मागवा. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावं. वाडीतली विहीर उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते पाणी कालवायला नको आणि स्लॅबवर मारायलाही नको. टँकर लागेल, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

पूलचं काँक्रीट शक्यतो एका दमात ओता. तळ आणि भिंत यांच्यातला सांधा टळत नाही, तिथे पाणी अडवणारी पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी लागते आणि ती सरळ उभी राहिली पाहिजे. पाण्याच्या टाक्यांचं मानक आयएस ३३७० भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरपर्यंत धरतं. त्यासाठी सळ्या बारीक पण जवळजवळ घालाव्या लागतात. काम झालं की टाइल्स लावायच्या आधी, आणि बाहेरची माती भरायच्याही आधी, पूल भरा. एक आठवडा काँक्रीट पाणी पिऊ द्या, पुढचा आठवडा रोज पातळी लिहा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा: बादलीतलं आणि पूलमधलं पाणी सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन, पूलमधलं जास्त उतरलं तर गळती. कॉन्ट्रॅक्टरला घाई असते, पण याच टप्प्याला ओल कुठून येते ते बाहेरून डोळ्यांनी दिसतं. नंतर दिसत नाही.

आकार मोठा घेऊ नका. ८ बाय ४ मीटर तुमच्या कुटुंबाला भरपूर आहे. पाण्याची खोली सगळीकडे १.२ मीटर, आणि एका टोकाला दीड फूट पाण्याची रुंद पायरी, जिथे लहान मुलं आणि घरातली वडीलधारी मंडळी बसू शकतील. सूर मारायला खोल भाग ठेवायचा मोह टाळा. कमी खोली म्हणजे कमी पाणी, कमी रसायन आणि भूजलाचा कमी जोर. एवढ्या पूलमध्ये ३८ हजार लिटर पाणी बसतं. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायचं तर ताशी साडेसहा हजार लिटरचा साधा पंप पुरतो. वरचा कचरा ओढणारा स्किमर पूर्वेच्या भिंतीत बसवा, म्हणजे पश्चिमेचा वाराच काड्या तिकडे ढकलत नेईल. मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र बसवावं का, असं बरेच जण विचारतात. रोज वापराच्या पूलला ते सोयीचं, पण अखंड वीज आणि देखरेख मागतं, आणि आधीच खाऱ्या हवेत आणखी मीठ कशाला? तुम्ही साधं क्लोरीन वापरा. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत १ ते ३ भाग), पीएच ७.२ ते ७.६, राखणदाराला टेस्ट किट वापरायला दोन दिवस सोबत बसून शिकवा.

पूल भरायला वाडीतली विहीर उपसू नका. भरतीरेषेच्या जवळ भूजल उपशावर बंधनं आहेत, आणि ती योग्यच आहेत. वाळूतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खालचं खारं पाणी कितीतरी मीटर वर सरकतं, सिद्धांतात चाळीसपर्यंत. तुमच्या एका पूलपायी शेजारच्या पानवेलींच्या आणि सुपारीच्या वाड्यांची विहीर मचूळ झाली तर ती लवकर गोडी होत नाही. घराच्या छपराचं पाणी साठवा. पावसाळ्यात पूलच्या ३२ चौरस मीटरवर थेट पडणारा पाऊसच हंगामाला ८० हजार लिटर भरतो, म्हणजे पूल दोनदा भरेल इतका. त्यासाठी सांडव्याचा मोठा पाइप लागतो, आणि तेच पाणी फुकट वाया न घालवता सप्टेंबरच्या शेवटी पूल ताजा करून घेता येतो. उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास, उडून जातं. न वापरायच्या दिवसांत आच्छादन घातलं की त्यातलं बरंच वाचतं. फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारं क्लोरीनचं पाणी सुपारीच्या आळ्यात किंवा ओहोळात सोडू नका. वेगळ्या टाकीत दोन-चार दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उतरल्यावर शोषखड्ड्यात सोडा.

पंपाची खोली जमिनीखाली घेऊ नका, जोत्यावर घ्या. तिच्यात क्लोरीनचे डबे ठेवू नका. त्याच्या वाफेने मोटरचं तांबं आणि पॅनेल दोन पावसाळ्यांत खराब होतं. वेगवेगळ्या प्रकारची क्लोरीन रसायनं एका डब्यात किंवा एकाच ओल्या मगाने कधीही मिसळायची नाहीत, त्यातून आग लागू शकते. रेलिंग आणि शिडी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या. नाशिकला चालणारं ३०४ तिथे लवकर तपकिरी डाग धरतं. एसीचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. पूलचे दिवे १२ व्होल्टचे, आणि पूलच्या सगळ्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, चांगल्या अर्थिंगसह.

एका गोष्टीत काटकसर करायची नाही. घरातून थेट पूलवर उघडणारं दार लहान मुलांसाठी धोक्याचं असतं. दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाली की दोन-तीन वर्षांचं मूल आवाज न करता पाण्यापर्यंत जातं, आणि पाण्यात पडल्यावरही आवाज होत नाही. पडवी आणि पूल यांच्यामध्ये चार फूट उंचीचं, आपोआप बंद होणारं फाटक असलेलं कुंपण हवंच. बारीक उभ्या सळ्यांचं किंवा काचेचं घेतलं तर नजर अडत नाही. आडव्या पट्ट्या नकोत, मुलं त्यावर चढतात. तळातली पाणी ओढणारी जाळी एकच ठेवू नका. दोन, एकमेकींपासून लांब, म्हणजे एका जाळीवर कुणाचे केस किंवा पाय ओढले जाऊन अडकणार नाहीत. फोटोंतल्या घरांना कुंपण दिसत नाही, तरी तुमच्या घराला असू द्या. हे नको असेल तर पूलच घेऊ नका, असंच मी म्हणेन.

राखणदाराची खोली नकाशात कोपऱ्यात उरलेल्या जागेत टाकू नका. हवेशीर, संडास-बाथरूम असलेली, कुटुंब राहू शकेल अशी द्या, आणि पगार बारा महिन्यांचा. पावसाळ्यात रोज दोन-तीन तास पंप चालवणं, स्किमरची टोपली रिकामी करणं, सांडव्याच्या तोंडावरचा पाला काढणं, पाइपमधल्या पाण्याची नोंद ठेवणं, हे सगळं तोच करणार आहे. गावातलं जोडपं मिळालं तर उत्तम. त्यांना समुद्र आणि वारा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. फाउंडेशनची जागा ठरवण्याआधी उधाणाला पाणी कुठवर येतं, वाडीत कुठे साचतं, हे त्यांना विचारा.

आत्ता लगेच करायच्या गोष्टी दोनच: भरतीरेषेची अधिकृत मोजणी आणि तो पीव्हीसीचा पाइप. पाऊस सुरू व्हायच्या आत पाइप उभा राहिला तर नारळी पौर्णिमेच्या उधाणाची नोंदही त्याच वहीत मिळेल. वही आणि मोजणीचा नकाशा घेऊन दिवाळीनंतर या, मग पूलची जागा जमिनीवर चुन्याने आखू. तोवर कॉन्ट्रॅक्टरला खोदाईची तारीख देऊ नका.